ऊन पाण्याच्या टबाची निगा



आपल्या जुन्या घरांतून सकाळीं तांब्याचा बंब पेटत असे. त्यांतील ऊन पाणी घंगाळांत काढावें, स्नान करावें, आणि वापरलेलें पाणी मोरींतून वाहून जावें, असा नित्याचा क्रम होता. एकानें ज्या पाण्यानें अंग धुतलें, त्याच पाण्यांत दुसऱ्यानें उतरण्याचा प्रश्नच नव्हता. हल्लीं कांहीं घरांच्या गच्चीवर किंवा अंगणांत जो ‘हॉट टब’ दिसतो, ज्याला पुष्कळ लोक जकूझी या व्यापारी नांवानेंच ओळखतात, त्याची रीत नेमकी उलट आहे. त्यांत हजार-दीड हजार लिटर पाणी एकदां भरतात, विजेनें तापवितात, पंपानें खेळवितात, आणि तेंच पाणी आठवडेच्या आठवडे ठेवितात. आज घरचीं माणसें बसलीं, उद्यां पाहुणे बसले, तरी पाणी तेंच. हा भेद ध्यानांत आला म्हणजे टबाची निगा कां राखावी, याचें अर्धें उत्तर मिळालें.

या टबाचा उगम विलासांत नसून व्याधींत आहे. इटलींतून अमेरिकेंत जाऊन पंप बनविणाऱ्या जकूझी घराण्यांतील कॅन्डिडो जकूझी यांच्या मुलाला लहानपणींच संधिवात जडला. रुग्णालयांत मिळणारा जलोपचार त्याला घरींही मिळावा, म्हणून बापानें स्नानाच्या टबांत ठेवतां येईल असा पंप तयार केला; १९५६ मध्यें तो बाजारांत आला. आजही कित्येक घरीं टब येतो तो आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून. परंतु दैवाची विपरीत गति अशी कीं, अस्वच्छ टबापासून सर्वांत अधिक धोका याच माणसांना असतो. पन्नाशी उलटलेलीं, धूम्रपान करणारीं, फुप्फुसांचा जुना आजार असलेलीं किंवा प्रतिकारशक्ति क्षीण झालेलीं माणसें त्याला लवकर बळी पडतात.

हा धोका केवढा, याचें एक उदाहरण सांगतों. फेब्रुवारी १९९९ मध्यें नेदरलंड्समधील बोव्हेनकार्स्पेल या गांवीं फुलांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथें नमुन्यादाखल मांडलेला एक टब ऊन पाण्यानें भरून बुडबुडत ठेवला होता. त्यांत कोणी स्नान करीत नव्हतें. लोक नुसते शेजारून जात होते. पुढें दीडशेंहून अधिक माणसें एका प्रकारच्या न्युमोनियानें आजारी पडलीं, आणि त्यांपैकीं वीसहून अधिक दगावलीं. शोधाअंतीं त्या टबाकडेच बोट दाखविलें गेलें.

हें कसें घडतें? लीजिओनेला नांवाचा जंतु २५ ते ४५ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यांत वाढतो. म्हणजे जो ऊनपणा आपल्याला सुखाचा वाटतो, तोच त्यालाही मानवतो. बुडबुडे फुटतांना पाण्याचे अतिसूक्ष्म कण हवेंत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. स्यूडोमोनास नांवाचा दुसरा जंतु त्वचेवर तांबडें, खाजरें पुरळ उठवितो. पोहण्याच्या पोशाखाखालीं तें अधिक दिसतें. हे दोन्ही जंतु नळ्यांच्या आंत जमणाऱ्या बुळबुळीत थरांत दडून राहतात, आणि तेथें औषधाचा मारा त्यांच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. आपण पाणी डोळ्यांनीं पारखतों. पण टबांतील पाणी नितळ दिसतें म्हणून तें निर्मळ असतेंच असें नाहीं. नाकही फसवितें. क्लोरिनचा उग्र वास आला कीं औषध भरपूर आहे असें लोक समजतात. वास्तविक तो वास घाम, मूत्र इत्यादींशीं संयोग पावून खर्ची पडलेल्या क्लोरिनचा असतो. म्हणून पाण्याची पारख चांचणीच्या पट्टीनेंच करावी. टब वापरांत असेल तेव्हां निदान रोज एकदां, आणि उतरण्यापूर्वीं अवश्य, ती पट्टी पाण्यांत बुडवून पाहावी. क्लोरिन दर लिटरला ३ मिलिग्रॅमहून कमी नसावा. ब्रोमिन वापरीत असल्यास तें ४ हून कमी नसावें. पाण्याची आम्लता दाखविणारा पी.एच. हा आंकडा ७ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. तो ८ च्या वर गेला तर पाण्यांत क्लोरिन असूनही त्याचा बहुतेक भाग मंद होऊन बसतो. उष्णता व बुडबुडे यांनीं क्लोरिन लवकर उडून जातो, हेंही विसरूं नये.

दुसरें काम फिल्टरचें. आठवड्यांतून एकदां तो काढून घड्यांतील मळ नळाच्या धारेखालीं धुवावा, आणि महिन्यांतून एकदां त्यासाठीं मिळणाऱ्या द्रावणांत भिजत घालावा. घरच्या साबणानें तो धुऊं नये. साबणाचा अंश राहिला कीं टबांत फेंस दाटतो. दोन फिल्टर ठेवून आलटून पालटून वापरणें सोयीचें.

तिसरें काम पाणी बदलण्याचें. याचा एक ढोंबळ हिशेब आहे. टबांतील लिटरांना १२ नीं भागावें, आणि आलेल्या आंकड्याला रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येनें भागावें. तितक्या दिवसांनीं पाणी बदलावें. बाराशें लिटरच्या टबांत रोज चौघें बसत असतील तर पंचवीस दिवस, दोघें बसत असतील तर पन्नास. पाणी सोडण्यापूर्वीं नळ्या साफ करण्याचें द्रावण घालून पंप चालूं ठेवावा, म्हणजे आंतील थर सुटून येतो. मग टब रिकामा करून मऊ फडक्यानें पुसावा आणि नवें पाणी भरावें. उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई असतां इतकें पाणी सोडणें जिवावर येतें, हें खरें. पण हा खर्च टब घेतांनाच हिशेबांत धरावयास हवा.

लोणावळ्यास किंवा अलिबागेस ज्यांचे बंगले केवळ सुटीच्या दिवशीं उघडतात, त्यांनीं अधिक सावध राहावें. पंप बंद, औषध संपलेलें, पाणी कोमट, अशा स्थितींत पंधरा दिवस पडलेल्या टबांत येतांक्षणीं उतरूं नये. तो रिकामा करून, धुऊन, नव्यानें भरून, पट्टीनें तपासून मगच वापरावा.

कांहीं नियम जिवाशीं निगडित आहेत. क्लोरिनचीं निरनिराळीं चूर्णें एकत्र करूं नयेत. क्लोरिन व आम्ल यांचा संयोग तर विषारी वायु सोडतो. औषध नेहमीं पाण्यांत टाकावें, औषधावर पाणी ओतूं नये. पाणी ४० अंशांहून अधिक तापवूं नये. गरोदर स्त्रियांनीं व हृदयविकार असलेल्यांनीं वैद्यांस विचारूनच उतरावें. पांच वर्षांखालील मुलांना टबांत नेऊं नये, आणि झांकणाला कुलूप असावें. शिवाय प्रत्येकानें आधीं साबणानें स्नान करूनच टबांत उतरावें. आपल्याकडे तलावांत उतरण्यापूर्वीं पाय धुण्याची रीत आहेच. तिचाच हा विस्तार समजावा.

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, ‘सुखासाठीं घेतलेल्या वस्तूची एवढी उठाठेव कोणी करावी?’ प्रश्न रास्त आहे. रोजचीं पांच मिनिटें, आठवड्याचा अर्धा तास आणि महिन्या-दोन महिन्यांनीं एक सकाळ, एवढें देणें ज्यांना शक्य नसेल, त्यांनीं टब कोरडा ठेवावा. आजोबांच्या गुडघ्यांना बादलीभर ऊन पाण्याचाही शेक मिळतो, आणि तें पाणी मोरींतून निघून जातें. परंतु पाणी सांठवूनच ठेवावयाचें, तर वाहत्या पाण्याचें काम आपल्या हातांनीं करावें लागतें. एवढें ध्यानांत ठेवावें, अशी विनंति करून आपली रजा घेतों.