खून कोणी केला, हे गावाला माहीत असतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्रसिद्ध रहस्यकथा लेखिका’ असं छापलंय. त्यातलं ‘प्रसिद्ध’ आयोजकांच्या प्रेमाचं. बाकीचं खरं आहे. माझ्या दोन कथा पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचल्या. अंतिम यादी म्हणजे काय, हे घरी समजावताना माझी दमछाक झाली. आईने शेवटी स्वतःच निकाल लावला, “म्हणजे नंबरात आलीस, पण बक्षीस नाही.” तर त्या दोन आणि आणखी नऊ कथांचा ‘पंधरा दिवसांची नोटीस’ हा संग्रह आता निघालाय. त्याबद्दल बोल, असा हुकूम आहे.

रहस्यकथेचं आणि आपल्या भागाचं नातं जुनं आहे, हे आधी सांगते. झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांना जन्म देणारे बाबुराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पण हजाराहून अधिक पुस्तकांवर जे नाव छापलं गेलं, त्यात आपलं शेजारचं अर्नाळा आहे. आपल्या वर्गात त्यांची पुस्तकं भूगोलाच्या वहीत लपून फिरायची. नंतर सुहास शिरवळकर आले, त्यांचा दारा बुलंद आला, फिरोज इराणी आला. शेवटची दोन पानं फाटलेलं पुस्तक हाती आलं की मधल्या सुट्टीत आपण शेवट स्वतःच रचायचो. माझं लेखनाचं शिक्षण तिथे झालं म्हटलं तरी चालेल. मराठीच्या बाईंनी हे मनावर घेऊ नये.

पण लिहायला बसले तेव्हा एक अडचण आली. झुंझारच्या जगात गुन्हेगार बुरखा घालून येतो, आणि त्याला शोधायला मुंबईएवढं अनोळखी शहर लागतं. गासमध्ये बुरखा कोण घालणार? चालण्यावरून माणूस ओळखतात इथे! कोणाची गाय कोणाच्या वाडीत शिरली, कोणाच्या विहिरीवर मोटर कोणी बसवली, सगळं सगळ्यांना ठाऊक. अशा गावात ‘खून कोणी केला’ हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. टिकतो तो दुसरा प्रश्न: माहीत असून बोललं कोण नाही?

आपण शाळेत होतो ती वर्षं आठवा. 1989 साली नालासोपारा स्टेशनवर एका बिल्डरला गोळ्या घालून मारलं. त्या दिवसांत घरात मोठी माणसं बोलता बोलता आपण आलो की गप्प व्हायची. जमीन, बिल्डर, भाई हे शब्द हळू आवाजात उच्चारले जायचे. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची मंडळी उघडपणे रस्त्यावर उतरली, हे त्या गप्प बसण्याच्या तुलनेत केवढं मोठं होतं, ते आता कळतं. मला मात्र गोळीबारापेक्षा त्या हळू झालेल्या आवाजांबद्दल लिहायचं होतं. बंदूक क्वचित निघते. कागद रोज निघतो.

यादीत गेलेली पहिली कथा ‘अंगठा’. एक अविवाहित आत्या विहिरीत पडून मरते. पाय घसरला, म्हणतात. कुवेतला नर्स असलेली भाची येते आणि तिला कळतं, की चार महिन्यांपूर्वीच आत्याने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलंय. कागद नोंदणी केलेला, साक्षीदार हजर, सगळं नीट. फक्त सहीच्या जागी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ लिहिलंय. आता नोंदणीच्या वेळी अंगठा सही करणाऱ्याचाही घेतात, त्यात नवल नाही. पण आत्या सही करायची! साक्षरता वर्गात पन्नाशीत शिकली होती, आणि तेव्हापासून पतपेढीच्या पासबुकापासून वर्गणीच्या पावतीपर्यंत मिळेल तिथे सही ठोकायची. मग हा अंगठा कोणाचा?

त्यापुढचं सांगत नाही, पुस्तक विकत घ्या. पण नोटिशीबद्दल बोलायला हवं. हक्कसोडपत्र झालं की सातबाऱ्यावरचं नाव बदलण्यासाठी तलाठी फेरफाराची नोंद घेतो आणि चावडीवर नोटीस लावतो. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा. म्हणजे गुन्हा पंधरा दिवस भिंतीवर चिकटवलेला असतो, तारखेसकट! त्या पंधरा दिवसांत बोर्डासमोरून कोण कोण गेलं, एवढंच मी लिहिलं. पोस्टमन जातो, मासळीवाली जाते, आत्याला सही शिकवणारे गुरुजी जातात. नवऱ्याच्या, भावाच्या, मुलाच्या भीतीने किंवा नुसत्या ‘आपल्याला काय करायचंय’ने.

कथा दिवाळी अंकात आली आणि मला फोन यायला लागले. पाच बायकांनी सांगितलं, “ही माझी गोष्ट आहे, तुला कोणी सांगितली?” मी त्यातल्या एकीलाच ओळखत होते, आणि तिचीही गोष्ट मला माहीत नव्हती. तीन पुरुष चिडले. तिघंही वेगवेगळ्या आळीतले, आणि तिघांनाही वाटलं, की तो भाऊ म्हणजे तेच. मी कोणालाही ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं नाही. इथे बसलेल्या मैत्रिणींना एवढंच सांगते, की 1925 चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. हिंदू घरांत 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. तरी लग्नात दागिने दिले, सणाला साडी दिली, आता सही कर, हे चालूच आहे. ज्यांनी राजीखुशीने केली, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्यांना काय लिहिलंय ते वाचूच दिलं नाही, त्यांच्यासाठी कथा आहे.

दुसरी कथा बुरूड राजाच्या कोटाजवळ घडते. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला तेव्हा दगडी पेटी निघाली, आत एकात एक ठेवलेले करंडक, आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सहलीला आपण तिथे जाऊन चिंचा पाडल्या, हे सरांना आठवत असेल. रहस्यकथा कशी बांधावी, हे मला त्याहून चांगलं कोणी सांगितलेलं नाही. पेट्या उघडत जायच्या, आणि शेवटी हाताला लागते ती खापरी. पण तिच्यासाठीच बाकी सगळं रचलेलं असतं.

संग्रहातल्या इतर कथांबद्दल फार बोलत नाही. दोन तर मलाच आता बऱ्या वाटत नाहीत, पण प्रकाशकांना आवडल्या. संवादांत कादोडी बोली आहे, तिचं स्पष्टीकरण तळटीपेत द्या असा आग्रह झाला होता. मी दिलं नाही. संदर्भाने कळतं.

आता माझं काम. पुढची कथा बावखलावर आहे. रातोरात मातीभराव करून बुजवलेलं एक बावखल, आणि काही वर्षांनी गावातली तरुण पोरं ते पुन्हा उपसायला घेतात. तळाशी काय निघतं, ते मी ठरवलंय. मला हवी आहेत ती बावखलांची जुनी नावं. नकाशावर ती नाहीत, आणि ज्यांना तोंडपाठ होती अशी माणसं कमी होत चालली आहेत. तुमच्या आळीतलं बावखल कुठे होतं, त्याला काय म्हणायचे, त्यात कोण पोहायला शिकलं, एवढं मला सांगा. आज वही आणली आहे. जेवणाच्या रांगेत मी शेवटी उभी असेन.