शारजात संसार स्वस्त पडतो का?

अलीकडे आमच्या गटांच्या बैठकांत एक विषय पुन्हा पुन्हा निघतो. कुणाच्या जावयाला, कुणाच्या धाकट्या दिराला दुबईची नोकरी सांगून येते. नोकरी सांगणारा वर हेही सांगतो, "दुबईत राहू नका, महाग आहे. शारजात राहा, तिथं भाडं बरंच कमी." मग घरातली बाई बैठकीत कर्जाचा अर्ज ठेवते आणि हळूच विचारते, "मी पोराला घेऊन त्यांच्याबरोबर जाऊ, की इथंच राहू?" आज आपण तो हिशोब मांडून बघू.

शारजा हे दुबईला अगदी लागून असलेलं समुद्रकाठचं शहर. नाव आपल्याला नवीन नाही. १९९८ साली सचिनने तिथं लागोपाठ दोन शतकं ठोकली, ती घरातल्या पुरुषमंडळींना अजून तोंडपाठ आहेत. नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात, असे हजारो भारतीय राहतात, त्यात आपली मराठी माणसंही खूप. कारण एकच, घरभाडं. तेवढंच घर दुबईत घ्यायचं तर बरेच जास्त पैसे पडतात.

म्हणजे शारजा स्वस्त आहे हे खरं. पण कुणाच्या मानाने? हे समजायला आपल्याला विमानात बसायची गरज नाही. मुंबईचा माणूस लोणावळ्यात येतो, बंगला बघतो आणि म्हणतो, वा, किती स्वस्त! त्याच लोणावळ्यात पावसाळ्यातल्या शनिवारी भाजी घ्यायची वेळ आली की आपण पिशवी तशीच घेऊन कामशेतला जातो. लोणावळा तेच. फरक पडतो तो खिशात पैसे कुठून आले याने. दुबईकराला शारजा स्वस्त वाटतं ते असंच. मावळातून जाणाऱ्या माणसाने तो शब्द जसाच्या तसा उचलू नये.

आता हिशोबाची पहिली अडचण. तिकडचा पैसा दिरहम. १९९७ पासून त्याची किंमत अमेरिकी डॉलरशी बांधलेली आहे, एका डॉलरला ३.६७ दिरहम. म्हणून डॉलर महागला की दिरहमही आपल्याला महाग पडतो. २०१४ च्या सुमारास एका दिरहमला साडेसोळा-सतरा रुपये मिळायचे, २०२४ संपता संपता तेवीसच्या वर गेले. आपण सोयीसाठी तेवीस धरू. पाच हजार दिरहम पगार म्हटलं की घरातला कुणीतरी लगेच तेवीसने गुणतो, एक लाख पंधरा हजार! आणि सगळ्यांचे डोळे मोठे होतात. पण खर्चालाही तेवीसनेच गुणायला नको का? तिकडे खर्च होणारा पैसा दिरहमच असतो.

आम्हाला त्याहून सरळ वाटते ती आपल्या आजीची रीत. वस्तू किती रुपयांची ते न बघता किती दिवसांच्या मजुरीची ते बघायचं. समजा तिकडे किलोभर टोमॅटो पाच दिरहम. रुपयात एकशे पंधरा, म्हणजे महाग वाटेल. पण पाच हजार पगाराला सव्वीस दिवस धरले तर रोज पडतो एकशे ब्याण्णव दिरहम. म्हणजे एका दिवसाच्या कमाईत अडतीस किलो टोमॅटो येतात. इकडे चारशे रुपये मजुरी आणि चाळीस रुपये किलो टोमॅटो धरले तर दिवसाचे दहा किलो. म्हणजे भाजीच्या बाबतीत शारजा आपल्याहून स्वस्तच निघालं. आता भाडं बघा. एका खोलीचं, स्वयंपाकघर-बाथरूम असलेलं घर वर्षाला तीस हजार दिरहम धरलं, तर महिन्याला अडीच हजार. ही झाली तेरा दिवसांची कमाई, अर्धा महिना. आणि इकडे? जुनं असेल, पावसाळ्यात पत्रा वाजत असेल, पण घर आपलं. भाड्याचे दिवस शून्य.

एका कुटुंबाचा महिना मांडून पाहू. नवरा, बायको, दुसरीतलं एक मूल. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या घरचा माणूस जिथं राहणार तिथले विचारून घाला. पगार पाच हजार. भाडं अडीच हजार. वीज, पाणी, गॅस मिळून वर्षाची सरासरी चारशे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा एसी ही चैन राहत नाही. वाणसामान, भाजी, दूध नऊशे. शाळेची फी सहाशे, शाळेची बस दोनशे. नवऱ्याचं दुबईला जाणं-येणं साडेतीनशे. फोन आणि इंटरनेट अडीचशे. करा बेरीज. पाच हजार दोनशे. पगारापेक्षा दोनशे जास्तच! आणि यात अजून औषध नाही, कपडा नाही, गावाकडे पाठवायचा एक रुपया नाही.

आता तोच माणूस एकटा राहिला असं धरा. वाटून घेतलेल्या खोलीत एक खाट सहाशे, जेवण सहाशे, प्रवास साडेतीनशे, फोन दीडशे. सतराशेत भागतं. उरले तेहतीसशे, म्हणजे पंचाहत्तर हजार नऊशे रुपये. पगार तोच, शहरही तेच. एकीकडे दर महिन्याला तूट, दुसरीकडे पाऊण लाख शिल्लक. तिथं दोन प्रकारचे संसार चालतात आणि घरी येणाऱ्या बातम्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात. शेजारच्या आळीतल्याने तीन वर्षांत घराला स्लॅब टाकला, तो एकटा राहून टाकला. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आम्ही असं मुळीच म्हणत नाही की बाईने इथंच राहावं. चार भिंतींत सात जणांबरोबर खाट टाकून राहणाऱ्या माणसाचं काय होतं आणि इथं एकटीने शेत, म्हातारी माणसं, पोरं ओढणाऱ्या बाईचं काय होतं, तेही आम्ही पाहतो. ते पाऊण लाख काही फुकटचे नाहीत. पण जायचं तर आकडे बघून जावं. पाच हजारांवर तिघांचा संसार चालत नसेल, तर कितीवर चालतो हे आधीच काढावं. किंवा तिनेही नोकरी धरायची ठरवावी. पण नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला तिथं कामाचा वेगळा परवाना लागतो. घरातून डबे करून विकायलाही परवानगी लागते. "जाऊन बघू, काहीतरी करीन" हे तिकडे चालत नाही. आणि बायको-पोरांना नेण्यासाठी मुळात पगार चार हजार दिरहम, किंवा राहायला जागा मालकाची असेल तर तीन हजार, एवढा तरी लागतो.

आता न दिसणारे खर्च. घरभाड्याचा करार वर्षाचा असतो आणि भाडं बऱ्याचदा मोजक्याच चेकांत, पुढच्या तारखा टाकून द्यावं लागतं. म्हणजे पहिला पगार हातात पडायच्या आधीच हजारो दिरहम मोकळे हवेत. त्यावर घराची अनामत, विजेच्या जोडणीची अनामत, करार नोंदवायची फी, प्रत्येकाच्या व्हिसाचा खर्च. शारजात १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरदाराला आरोग्य विमा सक्तीचा झाला, साधा विमा वर्षाला ३२० दिरहम आणि तो मालकाने भरायचा. बायको-मुलांचा विमा मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच बघावा लागतो. दोन वर्षांनी गावी यायचं तर तीन तिकिटं. पगारावर तिथं आयकर नाही हे खरं, पण खरेदीवर २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे.

आणि जे इकडे आपण खर्चात धरतच नाही ते? घरचा इंद्रायणी तांदूळ, जो आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आला. तो तिकडे दुकानातून विकत. गोठ्यातलं दूध विकत. परसातला कढीपत्ता विकत. जिल्हा परिषदेची शाळा फुकट, पुस्तकं फुकट, दुपारचा आहार फुकट. तिकडे आपली मुलं खासगी शाळेतच जातात, म्हणजे फी. सासूबाई पोराला सांभाळतात, कधी कुरकुर करत का होईना, तेही फुकट. बायांच्या श्रमाला वहीत रकाना नसतो, म्हणून घर बदलताना तो खर्च एकदम अंगावर येतो.

वेळेचंही तसंच. शारजा ते दुबई अंतर साधारण लोणावळा ते तळेगाव एवढं, पंचवीस-तीस किलोमीटर. आपली लोकल पाऊण तासाच्या आत सोडते. दुबईची मेट्रो मात्र शारजापर्यंत येत नाही, बस किंवा गाडी. सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्यावर जी गर्दी होते ती सुट्टीच्या दिवशी आपल्या खंडाळा घाटात होते तशी, फक्त तिकडे रोज. एका बाजूला दीड तासही लागतो. भाड्यात वाचवलेले पैसे असे रस्त्यावर भरून निघतात, आणि पोरगं झोपल्यावर बाप घरी येतो.

आता कर्जाचं. समजा दीड लाख घेतले, शेकडा दोनने. महिन्याला व्याज तीन हजार, म्हणजे एकशे तीस दिरहम. एकट्या माणसाला सहज झेपेल, वरच्या कुटुंबाला नाही. म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय की परदेशाच्या कर्जाला अर्ज आला की बाईकडून महिन्याचा आणि वर्षाचा असे दोन्ही हिशोब मांडून घ्यायचे. सोबत नोकरीचं लेखी पत्र बघायचं, आणि त्यात मूळ पगार किती लिहिलाय तेही. कारण नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांचा पगार, ती मूळ पगारावरच धरतात. पाच हजारांपैकी मूळ पगार अडीचच हजार असेल तर वर्षाला साडेसतराशे दिरहमच होतात.

एजंटाला किती द्यायचे? सरकारनोंद एजंटाला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशे, पावती घेऊन. त्याहून जास्त मागितले, किंवा "आधी फिरायच्या व्हिसावर जा, मग बघू" म्हणाला, तर कर्ज द्यायचं नाही. तिथल्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाचा असतो, आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणंही चालत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो. त्यांना जायच्या आधी ई-मायग्रेटवर सरकारी परवानगी लागते, आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. नर्स सोडून बाकी कामांसाठी असा पासपोर्ट असलेल्या तिशीच्या आतल्या बाईला ती परवानगी मिळत नाही. तिला "मी करून देतो" म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेटच्या यादीत दिसतं, गटातल्या शिकलेल्या पोरींनी मोबाईलवर पाहून द्यावं. परराष्ट्र खात्याचा फुकट फोन १८०० ११ ३०९० आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरात असा अर्ज आहे त्यांनी पेन आणि कोरी वही घेऊन या. शारजातलं भाडं, शाळेची फी, बसचं भाडं तिथं राहणाऱ्या दोन वेगवेगळ्या घरांना फोन करून आधीच विचारून आणा, एक एकट्या माणसाला आणि एक बायका-पोरांसह राहणाऱ्याला.