दोन करडे

कल्याणकडून माळशेज घाट चढून ओतूरला निघालात, की वाटेत आमचं डिंगोरे लागतं. तिथं थोरल्या भावानं यंदा घर बांधलं. पुट्टी झाली, प्रायमर झाला आणि काम अडलं ते दोन करड्या रंगांपाशी. शेडकार्डावर दोन्ही शेजारीशेजारी. फरक काय तो आकड्यांचा. "एकच आहेत रे, घे कुठलाही," भाऊ म्हणाला. रंगारी गप्प. त्यानं अशी पुष्कळ घरं पाहिली असणार.

मी म्हटलं, भिंतीवर लावून बघू. दोन-दोन फुटांचे चौकोन, प्रत्येकाला दोन हात, मध्ये वीतभर पांढरं मोकळं. मोकळं का, तर शेजार बाधतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत १८२४ साली शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. तिथं तक्रार होती, की काळा धागा निळ्याजांभळ्याजवळ फिका पडतो. त्यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती, शेजारात होती. काळ्याची ही गत, मग करड्याचं काय घेऊन बसलात!

करडा म्हणजे नुसतं पांढऱ्यात काळं नव्हे. दुकानातलं यंत्र त्यात थेंबभर पिवळं, तांबडं नाहीतर निळं सोडतं, आणि भिंतीवर पुढं तोच थेंब बोलतो. आमच्या आजीला हे यंत्राविना ठाऊक होतं. चुन्याचा पिवळटपणा मारायला ती त्यात नीळ कालवायची. हात जड पडला, की दिवाळीला घर निळं!

सकाळी उत्तरेच्या उजेडात पहिला चौकोन गार, निळसर. दुसरा जरा ऊबदार. दुपारी समोरच्या कांद्याच्या वावरावरून ऊन परतून आत आलं आणि दोन्हींवर हिरवट झाक चढली. रात्री ट्यूबलाइटखाली पहिला थेट सिमेंटच. पिवळा बल्ब लावला, तर कुठला कोणता हे पेन्सिलीनं लिहिलेलं वाचून ठरवावं लागलं.

आई हात पुसत आली. "हा पारवा, आणि ही चुलीतली राख," तिनं एका दमात सांगितलं. "पावसाळाभर इथं ऊन कुठलं? पारवा नको, घर गारठेल."

राख लागली. पारव्याचा उरलेला डबा गोठ्याच्या दाराला गेला. तिथं तो फार देखणा दिसतो.