गांठ काढली; पुढें काय?



फुप्फुसांतील लहान गांठ शस्त्रक्रियेनें काढली कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : आतां आयुष्य किती? तीन वर्षांपूर्वीं बिडकीन येथें माझ्याच घरीं तो उभा राहिला. माझी गांठ दीड सेंटिमीटरची होती आणि ती कर्करोगाची निघाली. म्हणून आज हा निवृत्त शिक्षक वैद्यकाच्या अधिकारानें नव्हे, तर अनुभवाच्या आधारें बोलत आहे.

उत्तर प्रथम गांठीच्या जातीवर अवलंबून असतें. आपल्या देशांत क्षय फार. त्यामुळें कित्येकदां काढलेली गांठ क्षयाची निघते. तेथें डॉक्टर सांगतील तीं औषधें पुरतीं घेणें महत्त्वाचें. गांठ दुसऱ्या अवयवांतून आलेल्या कर्करोगाची असेल, तर भवितव्य मूळ रोगाच्या हातीं. फुप्फुसाचाच कर्करोग, पण लहान व न पसरलेला असेल, तर आशेला भक्कम आधार आहे.

१९३३ सालीं अमेरिकेंत डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनीं एका रोग्याचें सबंध डावें फुप्फुस काढलें. तो रोगी पुढें सुमारें तीस वर्षें जगला. लहान गांठीसाठीं आतां एवढें कापावें लागत नाहीं. २०२२ सालीं जपानी शल्यविशारदांनीं दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गांठी असलेल्या ११०६ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. फुप्फुसाचा सबंध खंड काढलेल्यांपैकीं शेंकडा ९१, तर खंडाचा केवळ भाग काढलेल्यांपैकीं शेंकडा ९४ पांच वर्षांनंतर हयात होते. मात्र भागच काढलेल्यांत जवळपास रोग पुन्हां उद्भवण्याचें प्रमाण अधिक, शेंकडा दहाच्या आसपास, होतें.

परंतु वर्गाचा निकाल शेंकडा ९४ लागला, म्हणून आपलाच मुलगा उत्तीर्ण झाला असें होत नाहीं. यासाठींच तपासणी चुकवूं नये. सामान्यतः पहिलीं दोन-तीन वर्षें दर सहा महिन्यांनीं व नंतर दरसाल सीटी स्कॅन करतात. मागील फिल्म जपून ठेवावी. नव्या चित्राची तुलना तिच्याशींच होते. विडी-सिगारेट कायमची सोडावी, कारण उरलेल्या फुप्फुसांत निराळी गांठ होऊं शकते. खुद्द ग्रॅहॅम पूर्वीं सिगारेट ओढीत. ते १९५७ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानेंच वारले. त्यांचा तो रोगी मात्र त्यांच्या मागें जगला.

गेल्या वर्षीं प्रकृति उत्तम म्हणून, खरें म्हणजे भीतीनें, मी एक तपासणी टाळणार होतों. पत्नीनें पिशवी भरून दाराशीं ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही मुलांची गैरहजेरी कधीं खपवून घेतलीत का?"

मी निमूटपणें संभाजीनगरची बस धरली.