गर्भिणीचा चहा

घरांत सुनेला दिवस गेले कीं पपई, अननस, अति तिखट अशा कित्येक पदार्थांवर बंदी येते. चहाचें नांव मात्र त्या यादींत सहसा नसतें. उलट सकाळीं मळमळूं लागलें, तर "दोन घोट गरम चहा घे, बरें वाटेल," असें सासूबाईच सांगतात. चहा हा आपल्याकडे पाण्यासारखा गृहीत धरला जातो. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहापानाला गेलेल्या टिळक-रानड्यांसारख्या मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग आला होता. तोच चहा पुढें इतका सोंवळा होऊन बसेल असें त्या वेळच्या धर्ममार्तंडांना स्वप्नांतहि वाटलें नसेल.

पालघर जिल्ह्याच्या बोईसर-तारापूर पट्ट्यांत चहा किती रुळला आहे तें सहज दिसतें. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, त्याच्या आसपास पुढें औद्योगिक वसाहत वाढली, आणि पाळ्यांच्या कामानें घरांचें वेळापत्रक ठरूं लागलें. ज्या घरांतील पुरुष रात्रपाळी करून सकाळीं परततो, त्या घरांत चहाचें पातेलें केव्हां चढेल याला नियम राहत नाहीं. तो निघतांना चहा, परतल्यावर चहा, मुलांच्या शाळेच्या वेळीं चहा, शेजारीण डोकावली तरी चहा. घरांतील गर्भिणी प्रत्येक वेळीं अर्धा पेला सोबतीला घेते, आणि डॉक्टरांनीं विचारलें म्हणजे "दिवसांतून दोनदांच घेतें" असें सांगते. तिच्या मनांत खोटें बोलण्याचा हेतु नसतो. सोबतीचा पेला ती मोजीतच नाहीं, इतकेंच.

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत एक नवा सल्ला येऊं लागला आहे. परदेशांतील नणंद किंवा मुंबईची मैत्रीण दूरध्वनीवर सांगते कीं, या नऊ महिन्यांत साधा चहा सोडून 'डिकॅफ', म्हणजे कॅफीन काढून घेतलेला चहा घ्यावा. हा निष्कॅफीन चहा लहान गांवांतील किराणा दुकानांत सहसा मिळत नाहीं. तो मागवावा लागतो आणि नेहमींच्या भुकटीहून बराच महाग पडतो. मग घरांत प्रश्न उभा राहतो, कीं हा खर्च करावा काय?

कॅफीन हें चहा-कॉफींतील उत्तेजक द्रव्य. रुंगे नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं तें कॉफीच्या बियांतून वेगळें केलें. पुढें चहांत सांपडलेल्या द्रव्याला प्रथम 'थेइन' असें निराळें नांव मिळालें होतें. नंतर दोन्ही द्रव्यें एकच आहेत असें ठरलें. कॅफीन काढून घेण्याचा व्यापारी धंदा विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील ब्रेमेन शहरीं लुडविग रोझेलिउस यानें मांडला. आपल्या वडिलांचा मृत्यु अति कॉफीपानानें झाला असा त्याचा समज होता. त्यानें त्या कामीं बेंझीन वापरलें, जें आज विषारी म्हणून वर्ज्य आहे. हल्लीं इतर द्रावकें किंवा दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वापरतात. एवढें करूनहि कॅफीन समूळ जात नाहीं; एका पेल्यांत दोन ते पांच मिलिग्रॅम उरतें.

साध्या चहाच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यांत ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतें, असें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२४ चे आहारनियम सांगतात. टपरीवरचा 'कटिंग' याच्या निम्मा धरावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं सुचविलें कीं, ज्या गर्भिणी दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेतात त्यांनीं तें कमी करावें. ब्रिटनमधील मर्यादा २०० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे तीन मध्यम पेल्यांपर्यंत भिण्याचें कारण नाहीं. मात्र कॉफी, कोला, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या कांहीं गोळ्या यांतहि कॅफीन असतें, आणि हिशेब करतांना नेमका त्यांचाच विसर पडतो.

या मर्यादांमागचा पुरावा एकाच दिशेचा नाहीं. डेन्मार्कमध्यें रोज निदान तीन पेले कॉफी घेणाऱ्या १२०७ गर्भिणींवर एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तान्त २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकीं कांहींना नेहमींची व कांहींना निष्कॅफीन कॉफी पुरविण्यांत आली. पण बालकांच्या वजनांत वा गर्भावधींत एकंदरीनें फरक दिसला नाहीं. उलट २००८ सालीं ब्रिटनमधील २६३५ स्त्रियांच्या पाहणींत असें आढळलें कीं, कॅफीनचें प्रमाण वाढत गेलें तशी गर्भाची वाढ खुंटण्याची शक्यताहि वाढत गेली. त्यानंतरच तेथील सल्ला ३०० वरून २०० वर आला. अशा मतभेदांत शहाणी गृहिणी बेताची बाजू घेते, घाबरण्याची नव्हे.

शरीराचा एक धर्म मात्र निर्विवाद आहे. एरवीं पोटांत गेलेल्या कॅफीनचा निम्मा भाग पांच-सहा तासांत नाहींसा होतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याच कामाला पंधरा तासांच्या आसपास लागतात. दुपारीं चार वाजतां घेतलेल्या चहाचें निम्में कॅफीन दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातलाहि रक्तांत असतें, आणि तेवढ्यांत सकाळचा पेला येतो. कॅफीन वारेंतून गर्भाकडे जातें. तें पचविण्याची शक्ति गर्भाच्या अंगीं नसते. आठव्या महिन्यांत झोंप येत नाहीं म्हणून तक्रार करणाऱ्या स्त्रीनें संध्याकाळच्या चहाकडे एकदां पाहावें.

येथवरची गोष्ट कॅफीनची झाली. परंतु आपल्याकडच्या गर्भिणीला चहापासून जो मोठा धोका आहे तो कॅफीनचा नव्हेच. तो आहे टॅनिनचा. म्हणजे ज्या तुरट द्रव्यांनीं चहाला रंग व कस येतो त्यांचा. हीं द्रव्यें अन्नांतील लोहाला पोटांतच बांधून टाकतात आणि रक्तांत जाऊं देत नाहींत. वरण-भात, भाकरी, पालेभाजी यांतील लोह मुळांतच दुबळें, सहज न शोषलें जाणारें. त्यावर पातेल्यांत आटवलेला कडक चहा पडला म्हणजे उरलेसुरलेंहि वायां जातें. निष्कॅफीन चहांत यांतील बहुतेक टॅनिन तसेंच राहतें. महागडी पुडी आणून ती जेवणावर पिणारी स्त्री लोहाच्या बाबतींत फारसें कांहीं वांचवीत नाहीं.

हें लोह किती मोलाचें आहे? २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील शंभर गर्भिणींपैकीं सुमारें ४६ जणी रक्तक्षयानें पीडित आढळल्या. साऱ्या देशाचा आंकडा ५२. रक्तक्षय असलेल्या मातेला प्रसूतीच्या वेळीं थोडाहि अधिक रक्तस्राव झाला तर तो तिला सोसवत नाहीं. मूल अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें होण्याचा धोका वाढतो. म्हणून सरकार दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी फुकट देतें. तींत ६० मिलिग्रॅम लोह असतें. २०१५ पासून आदिवासी भागांत, म्हणजे जव्हार-मोखाड्याकडेहि, अमृत आहार योजनेखालीं गर्भिणीला दिवसाचें एक पूर्ण जेवण मिळतें. आशाताई गोळ्या घरपोंच करतात. आणि गोळी घशांत अडकते म्हणून कित्येक घरांत ती सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर गिळली जाते! एका हातानें दिलेलें औषध दुसऱ्या हातानें परत घेण्याचाच हा प्रकार. बोईसरच्या सदनिकेंत काय किंवा मोखाड्याच्या पाड्यावरच्या कोऱ्या चहांत काय, तो सारखाच चालतो. दूध घातल्यानें यांतून सुटका होत नाहीं.

उपाय अगदीं साधा आहे, आणि त्याला एक पैहि लागत नाहीं. जेवणाच्या आधीं निदान एक तास आणि नंतर निदान एक तास चहा घेऊं नये, असें पोषण संस्थेचेंच सांगणें आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगांत जेवणासोबत चहा घेतल्यानें लोहाचें शोषण सुमारें ३७ टक्क्यांनीं घटलें; तोच चहा तासाभरानें घेतला तेव्हां घट निम्म्यावर आली. दोन तास थांबतां आलें तर अधिकच बरें. लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्यावी, शक्य तर लिंबाच्या सरबताबरोबर. कारण आंवळा, लिंबू, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाला हात देतें. कॅल्शियमची गोळी त्याच वेळीं घेऊं नये. किनाऱ्यावरील घरांत ज्यांना मासळी चालते, त्यांच्या जेवणांतील मासळी भाजींतलें लोहहि शोषून घ्यायला मदत करते.

गवती चहाबद्दल येथें एक खुलासा हवा. तो परसांत लावलेला असतो, आणि चहाच्या भुकटींत त्याच्या दोन पाती टाकल्या म्हणजे चहा 'औषधी' झाला अशी समजूत आहे. भुकटीचें कॅफीन व टॅनिन त्यानें रेसभरहि कमी होत नाहीं. नुसत्या पातीच्या काढ्यांत कॅफीन नसतें हें खरें. पण गर्भारपणांत तो रोज भरपूर घेणें निर्धोक आहे असा पुरावा नसल्यानें स्वादापुरताच घ्यावा. ग्रीन टी तर चहाच. नांव इंग्रजी असल्यानें तो निष्कॅफीन होत नाहीं.

राहतां राहिला तो निष्कॅफीन चहा. ज्या स्त्रीला सहा-सात पेल्यांची संवय आहे तिनें तो एकाएकीं तोडला तर डोकें दुखतें, चिडचिड होते, आणि त्यांत मळमळीची भर असतेच. तिनें आठवड्याला एकेक पेला कमी करावा; किंवा परवडत असेल तर नेहमींच्या भुकटींत निष्कॅफीन भुकटी अर्धी-अर्धी मिसळून हळूहळू प्रमाण बदलावें. ज्या घरांत पाळीवरून येणाऱ्याला सोबत देणें टळत नाहीं, तेथें सोबतीचा पेला एवढा तरी निष्कॅफीन असावा. आणि तोहि जेवणाच्या पानापासून व लोहाच्या गोळीपासून दूर.