जाता जाता, डॉक्टर...

(मंडळाच्या आरोग्य-सत्रात फ्रिस्को येथे केलेले भाषण)



मघाशी चहाच्या रांगेत तिघांनी बाही वर करून मला काहीतरी दाखवलं, तेव्हाच खात्री पटली की विषय बरोबर निवडलाय. मी फॅमिली डॉक्टर आहे, स्किन स्पेशालिस्ट नव्हे. ब्लडप्रेशर, सर्दी-खोकला, शाळेचे फॉर्म हे माझं रोजचं काम. पण आपली माणसं सगळं बोलून झालं, पर्स खांद्याला लावली, की दारात थबकतात आणि म्हणतात, "जाता जाता एक विचारू का?" खरं दुखणं बऱ्याचदा तिथेच सापडतं.

एक आई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. हातात शाळेच्या नर्सची चिठ्ठी, आणि चेहरा रागाने लाल. "डॉक्टर, माझा मुलगा घाणेरडा आहे असं म्हणायचंय का यांना? रोज घासते हो मी त्याची मान!" खरंच घासत होती बिचारी. बेसन, लिंबू, वर वजरी. मुलाची मान मागून काळी होती आणि घासून घासून सोललेलीही होती.

तो मळ नव्हे. त्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. कातडी जाड, काळपट, हाताला मखमलीसारखी लागते. मानेवर, काखेत, जांघेत, कधी बोटांच्या पेरांवर. साबणाने जाणार कशी? टेक्सासमध्ये बऱ्याच शाळांत पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांचे डोळे-कान तपासताना नर्स मानेकडेही बघते. तसा कायदाच आहे. ती चिठ्ठी म्हणजे स्वच्छतेचा शेरा नसून पुढे डायबेटिस होऊ शकतो याची आगाऊ सूचना असते.

"पण तो जाड कुठे आहे?" आईचा पुढचा प्रश्न. इथे मी पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो दाखवते. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. शेजारी त्यांचे इंग्लंडचे सहकारी डॉ. युडकिन. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपण वरून बारीक आणि आतून जाड. म्हणून तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई मोठ्या माणसांची तपासणी २५ ऐवजी २३ बी.एम.आय.लाच सुरू करायला सांगितलं. त्या मुलाची साखर तपासली, ती सीमेवर निघाली. वजन आटोक्यात आलं की मान हळूहळू उजळतेही. (मात्र उतारवयात, वजन उतरत असताना अशी काळी मान अचानक दिसली तर ताबडतोब दाखवा. क्वचित पोटातल्या कॅन्सरची ती खूण असते.)

आता सुटकेसमधल्या ट्यूबबद्दल थोडं. भारतातून येताना आपण सगळेच एक 'खाजेची ट्यूब' आणतो. तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड असं कडबोळं असतं. गजकर्णावर लावली की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, ती गोल कडाही पुसट होते. बुरशी मात्र मजेत वाढत असते. डॉक्टरला मग ते गजकर्ण आहे हे ओळखूच येत नाही. त्यात हल्ली एक हट्टी बुरशी आली आहे, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नेहमीच्या टर्बिनाफिनला बहुधा ती जुमानत नाही. अमेरिकेतले तिचे पहिले दोन रुग्ण २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधून नोंदले गेले. तेव्हा येताना ती ट्यूब सोबत आणा. रागावणार नाही. काय लावलंय ते कळलं की निम्मं काम होतं.

शेवटची गोष्ट एका आजींची. सांगलीकडून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. खोकल्यासाठी आल्या होत्या. छाती तपासायला झोपवलं तर कमरेला नाडीच्या जागी काळा, खरखरीत पट्टा, आणि उजव्या बाजूला रुपयाएवढी जखम.

"आजी, हे कधीपासून?"

"अगं, नाडीचा वळ आहे तो. सगळ्याच बायकांना असतो."

"आणि जखम?"

त्या सुनेकडे बघून गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासून." तेव्हा चैत्र चालू होता. सुनेला पत्ता नव्हता. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये बसणार नाही, मुलाला खर्चात कशाला पाडा, म्हणून आजींनी कापूस लावून झाकलं होतं.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी कमरेवरच्या घट्ट बांधणीमुळे झालेल्या अशाच दोन केसेस छापल्या. त्यातली एक बाई चाळीस वर्षं लुगडं कसून नेसणारी, आणि तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. वळ सगळ्यांना असतो हे खरं, आणि बहुतेकींचा वळच राहतो. पण न भरणारी जखम हा वळ नव्हे.

आजींच्या कातडीचा तुकडा तपासला. कॅन्सरच होता, सुदैवाने वरवरचा. इथल्या गोऱ्या स्पेशालिस्टने मला फोन करून विचारलं, "हा पट्टा कसला?" त्याला नाडी म्हणजे काय हे समजवायला मला दहा मिनिटं लागली! त्याने सगळं व्यवस्थित काढून टाकलं. आजी आता रुंद इलॅस्टिकचा परकर घालतात आणि रोज थोडा वर-खाली बांधतात. परवा सांगलीहून त्यांचा फोन आला होता. त्यांनी शेजारच्या चार बायकांच्या कमरा तपासल्या म्हणे.

चला, जेवणाची वेळ झाली. प्रश्न विचारा, पण माना दाखवायला स्टेजवर चढू नका, इथे उजेड फार कमी आहे. क्लिनिकला या, आणि ते 'जाता जाता'चं आल्या आल्याच सांगा.