आवाजातून थंडावा



सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड तापतं. ट्यूबमधली हवा सोडली, की बोटाला गार लागते. वायू दाबला की तापतो, फुगला की निवतो. आजचा विषय एवढ्यावरच उभा आहे.

आवाज म्हणजे हवेतली दाबाची लाट. हवा दाबते तिथं किंचित तापते, सैल होते तिथं निवते. आपल्या बोलण्यात हा फरक हाताला कळत नाही. पण बंद नळीत हेलियम वायू दाबून भरला, आत पातळ पट्ट्यांची चळत बसवली आणि जोराचा आवाज सोडला, तर काम होतं. वायू एका बाजूला सरकतो, दाबून तापतो, उष्णता पट्टीला देतो. मागं येतो, फुगून निवतो, तिथल्या पट्टीची उष्णता उचलतो. विहीर खणताना घमेली हातोहात वर जातात, तशी उष्णता एका टोकाला जाते. दुसरं टोक गार पडतं.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या डिस्कव्हरी यानातून असं शीतयंत्र अवकाशात गेलं. २००४ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानं आवाजावर चालणारी आइस्क्रीमची पेटी दाखवली.

उलटंही घडतं. नळीच्या टोकाला आच दिली, की आवाज आपोआप उठतो. काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या नळ्या अशाच गात. झोंडहाउस यांनी १८५० साली त्याचा अभ्यास मांडला. घन दांड्यातही हे शक्य आहे, असं २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गणितानं दाखवलं. म्हणजे जाळातून आवाज, आवाजातून थंडावा. मधे कॉम्प्रेसर नाही.

आपला संबंध इथं येतो. पऱ्हाटी आपण बांधावर पेटवून देतो आणि त्याच गावात वीज गेली की दूध नासतं, गुरांची लस वाया जाते. लाकडाच्या एकाच चुलीवर स्वयंपाक, वीज आणि थंडावा मिळावा, म्हणून २००७ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारानं काम सुरू झालं. मात्र तालुक्याच्या दुकानात असं यंत्र मागायला जाऊ नका, मिळणार नाही.

उद्या कुणी ते विकायला आलं, तर तीन प्रश्न विचारा. किती जळणात किती लिटर दूध गार होतं? हेलियम गळाला तर कोण भरणार? बिघडलं तर दुरुस्ती गावात होईल का? आणि कृषी विद्यापीठाला चौथा प्रश्न आपण मिळून विचारू: पऱ्हाटीच्या जाळावर हा प्रयोग तुम्ही कधी करणार?